कॉन्ट्रॅक्टरने घर अर्ध्यावर सोडलं, आता सगळेच पैसे मलाच मागतायत

प्रश्न : मॅडम, कराड तालुक्यात आमच्या स्वतःच्या जागेत आम्ही ११०० स्क्वेअर फुटांचं घर बांधायला काढलं. कॉन्ट्रॅक्टर ओळखीतलाच. मटेरियलसकट १७०० रुपये फुटाने ठरलं, म्हणजे १८ लाख ७० हजार, पाचशेच्या स्टँप पेपरवर दोन पानी करार आहे, सहा महिन्यांत चावी देणार असं लिहिलंय. बँकेतून साडेतेरा लाख आणि रोख दीड लाख दिलेत, शिवाय पुढच्या महिन्याच्या तारखांचे एकेक लाखाचे दोन चेक त्याच्याकडे आहेत. मे महिन्यात स्लॅब टाकला आणि तेव्हापासून काम बंद. सहा महिने केव्हाच उलटले. पावसात स्लॅब गळला, हॉलच्या बीमला खालून सळई दिसते. तो म्हणतो लोखंड महागलं, अजून तीन लाख द्या नाहीतर दुसरा माणूस बघा. हार्डवेअरवाला १ लाख ९० हजार मलाच मागतोय कारण एकदा त्याने माल अडवला तेव्हा मी फोनवर "पाठवा, मी आहे" म्हटलं होतं. सेंट्रिंगवाला ४५ हजार मागतो, त्याने हॉलच्या स्लॅबला खालून आधार देणाऱ्या प्लेटा सहाव्या दिवशीच काढून नेल्या होत्या. स्लॅबच्या दिवशी एक बिगारी परांचीवरून पडून पाय मोडला, त्याची बायको घरी येते. मिस्टर मुंबईला असतात, मी मुलांना घेऊन सहा हजार भाड्याच्या खोलीत आहे. चेक थांबवू का, पोलिसात जाऊ का, दुसरा कॉन्ट्रॅक्टर लावू का?

उत्तर : ताई, सगळ्यात आधी एक करा, पुढचे आठ-दहा दिवस साईटवर कोणालाही काहीही करू देऊ नका. तुमचा कॉन्ट्रॅक्टर अचानक गोड बोलून "बीमला जरा प्लास्टर मारून देतो" म्हणत आला तरी नाही म्हणा. ती उघडी सळई हा आत्ता तुमच्याकडचा सगळ्यात मोठा पुरावा आहे, आणि तासाभराच्या सिमेंट लिंपणाने तो नाहीसा होतो, आत गंज तसाच राहतो आणि वर सगळं छान दिसतं.

दुसरा कॉन्ट्रॅक्टर लावायचा, पण मोजमाप झाल्यानंतर. बांधकामाच्या भांडणांत घरमालक इथेच मार खातो. रागाच्या भरात नवा माणूस आणतो, तो त्याच कामावर पुढे वीट चढवतो, आणि मग कोर्टात पहिला माणूस शांतपणे सांगतो की साहेब बीम माझ्या वेळी ठीक होता, यांनी मागून कोणाकडून काय करून घेतलं मला माहीत नाही. म्हणून एखादा नोंदणीकृत इंजिनिअर गाठा (तुमचा प्लॅन काढणारा सोडून), त्याच्याकडून झालेल्या कामाचं मोजमाप आणि व्हॅल्युएशन लेखी घ्या, कॉन्ट्रॅक्टरला आधी तारीख-वेळ कळवून हजर राहायला सांगा, तो आला नाही तरी चालतं पण कळवलेलं पाहिजे. फोटो आणि व्हिडिओ काढा, बीमशेजारी मोजपट्टी धरून काढा.

आता स्लॅबबद्दल जरा खोलात जाऊन बोलते, कारण पुढे सगळं त्याच्यावर अडेल. नुसत्या उघड्या स्लॅबला पावसात ओल येणं आणि बीमची सळई दिसणं या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. कोबा-वॉटरप्रूफिंग झालेलं नसताना स्लॅब थोडाफार पाझरतो आणि कॉन्ट्रॅक्टर नेमकं हेच सांगणार, आणि त्यात थोडं तथ्य असेलही. पण सळई उघडी पडणं म्हणजे कव्हर ब्लॉक (सळई साच्यापासून वर उचलून धरणारे ठोकळे) ठेवले नव्हते किंवा काँक्रीट नीट भरलं-ठोकलं गेलं नाही, याला पावसाचं कारण देता येत नाही. आणि तुम्ही जे सहज लिहून गेलात ना, प्लेटा सहाव्या दिवशी काढल्या, ती माझ्या मते तुमच्या अख्ख्या पत्रातली सगळ्यात वजनदार गोष्ट आहे. आयएस ४५६ नावाचं काँक्रीटचं भारतीय मानक आहे, त्यात साध्या सिमेंटसाठी स्लॅबचे टेकू साडेचार मीटरपर्यंतच्या स्पॅनला (दोन आधारांमधल्या अंतराला) किमान ७ दिवस आणि त्यापुढे १४ दिवस ठेवायला सांगितलेत, बीमचे तर सहा मीटरपर्यंत १४ आणि त्यापुढे २१. तुमचा हॉल प्लॅनवर १६ बाय १८ फूट असेल तर छोटी बाजूसुद्धा जवळपास ४.९ मीटर होते, म्हणजे १४ दिवसांचं काम सहा दिवसांत उरकलं. प्लेटा काढतानाचा एखादा फोटो, शेजाऱ्याने बघितलेलं, व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज, काहीही असेल तर जपून ठेवा.

स्लॅबची ताकद तपासायला रिबाउंड हॅमर टेस्ट (काँक्रीटवर हातोड्यासारखं यंत्र मारून बघतात) आधी करतात, त्याने अंदाज येतो, आणि शंका राहिली तर कोअर, म्हणजे काँक्रीटचा गोल तुकडा, कापून तपासतात. एम-२० (म्हणजे २० मेगापास्कल ताकदीचं) काँक्रीट ठरलं असेल तर कोअरची सरासरी ताकद १७ च्या खाली जाऊ नये आणि एकही कोअर १५ च्या खाली नसावा, हाही त्याच मानकातला हिशोब आहे (८५ टक्के आणि ७५ टक्के). तुमच्या जवळ कराडला सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज आहे, सांगलीला वालचंद आहे, तिथल्या सिव्हिल डिपार्टमेंटला विचारा, अशा कॉलेजच्या लेटरहेडवरचा रिपोर्ट कोर्टात खासगी माणसाच्या सर्टिफिकेटपेक्षा जास्त चालतो.

आता कॉन्ट्रॅक्टरचं. लोखंड महागलं म्हणून तीन लाख मागायचा त्याला हक्क आहे का, तर करारात दरवाढीचं कलम नसेल तर नाही. मटेरियलसकट रेट ठरवणं म्हणजे भाव वाढला तर त्याचा तोटा, उतरला तर त्याचा फायदा. लोखंड स्वस्त झालं असतं तर तो तुम्हाला पैसे परत द्यायला आला नसता.

पण ताई, एक खरं सांगा, तुम्ही मधे काही वाढवलंत का? जिन्याखाली संडास, देवघराचा कोनाडा, जोतं एक फूट उंच, असं काही? पत्रात नाही लिहिलंत, पण शंभरातल्या नव्वद घरांत असतं. तुमच्या सांगण्यावरून एक्स्ट्रा काम झालं असेल आणि ते फुकट करून देतो असं तो बोलला नसेल तर लेखी नसलं तरी त्याचे वाजवी पैसे तुम्ही लागता, १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७० त्यासाठीच आहे. तसंच पाणी, लाईट किंवा ठरलेला हप्ता तुमच्याकडून अडकला होता म्हणून काम थांबलं असं त्याने दाखवलं तर उशिराचा दोष तुमच्याकडे येतो. त्याच कायद्याच्या कलम ५४ खाली घर बांधणाऱ्याचंच उदाहरण दिलंय, मालकाने परांची आणि लाकूड द्यायचं ठरलं होतं, दिलं नाही, तर बांधणारा काम करायला बांधील नाही आणि उलट मालकानेच भरपाई द्यायची. म्हणून तुमच्या बाजूचा हिशोब आधी स्वच्छ करून ठेवा.

तो स्वच्छ असेल तर मग तुमचा हक्क मोठा आहे. कलम ७३ खाली आणखी एक उदाहरण आहे, कोणी घराची दुरुस्ती पैसे आधी घेऊन केली पण ठरल्याप्रमाणे केली नाही, तर ती ठरल्यासारखी करून घ्यायला जो खर्च येईल तो त्याच्याकडून वसूल होतो. भरपाईचा आकडा कसा निघतो ते सांगते, हे आकडे समजण्यापुरते आहेत, खरे तुमचा इंजिनिअर काढेल. समजा उरलेलं काम करायला आजच्या भावाने ८ लाख आणि बीम-स्लॅब दुरुस्तीला १ लाख २० हजार लागणार, म्हणजे ९ लाख २० हजार. तुम्ही १५ लाख दिलेत, म्हणजे मूळ करारात ३ लाख ७० हजार तसेही द्यायचेच होते. ते वजा केले की साडेपाच लाख, हे तुमचं नुकसान. पंधराच्या पंधरा लाख परत द्या अशी मागणी करू नका, भिंती आणि स्लॅब उभे आहेत ना, अशा मागणीने तुमचंच म्हणणं कोर्टाला पोकळ वाटतं.

खोलीभाडं मागता येतं का, हो, पण तुम्ही भाड्याने राहताय आणि उशीर झाला की तेवढा भुर्दंड बसणार हे त्याला करार करताना माहीत होतं असं दाखवावं लागेल. ओळखीतला माणूस आहे म्हणता, तर माहीत असणारच, तसा एखादा मेसेज शोधा. आणि मुदत उलटल्यावरही तुम्ही काही न बोलता काम करून घेत राहिलात तर नंतर उशिराची भरपाई मागता येत नाही, कलम ५५ तसं सांगतं, काम स्वीकारताना "भरपाईचा हक्क राखून ठेवतेय" असं कळवावं लागतं. तुमचं काम बंदच आहे म्हणून तुम्ही वाचलात, पण यापुढे त्याच्याशी काहीही ठरवलंत तर हे वाक्य मेसेजमध्ये टाकाच.

रोख दीड लाखाची पावती नाही म्हणून घाबरू नका. "ताई पैसे मिळाले" असा मेसेज किंवा व्हॉइस नोट असेल, त्या आसपास बँकेतून काढलेली रक्कम असेल तर तो पुरावा होतो, फक्त फोन बदलू नका, चॅट डिलीट करू नका, मोबाईलमधला पुरावा दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं ते वकील करून देईल.

मोजमाप हातात आलं की नोटीस. त्यात काय काम बाकी, काय सदोष, किती पैसे दिले, १५ दिवसांत काम सुरू करा आणि बीमची दुरुस्ती इंजिनिअरने सांगितल्याप्रमाणे करा, नाहीतर करार कॉन्ट्रॅक्टरच्या बाजूने मोडला असं धरून त्याच्याच खर्चाने दुसऱ्याकडून पूर्ण करून घेऊ, एवढं स्पष्ट पाहिजे. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्येच विलीन झालंय, तर पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवा आणि तेच पत्र व्हॉट्सअ‍ॅपवरही टाका. मुदत संपली की खुशाल दुसरा माणूस लावा, उलट लावलाच पाहिजे, कारण नुकसान वाढू न देणं ही तुमचीही जबाबदारी आहे, दोन वर्षं घर तसंच ठेवून दोन वर्षांचं भाडं मागितलं तर मिळत नाही.

चेकचं मात्र नोटिशीसाठी थांबू नका, याच आठवड्यात करा. नुसतं बँकेत जाऊन स्टॉप पेमेंट दिलं की सुटलो असं लोकांना वाटतं, तसं नाही, स्टॉप पेमेंटने परत गेलेल्या चेकवरही चेक बाउन्सची, म्हणजे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ ची, केस होऊ शकते हे सुप्रीम कोर्टाने १९९८ मध्येच सांगितलंय. पण खात्यात पुरेसे पैसे होते आणि देणंच शिल्लक नव्हतं म्हणून चेक थांबवला असं सिद्ध केलं तर गुन्हा होत नाही, हेही कोर्टाने सांगितलंय. म्हणून आधी त्याला लेखी कळवा की हे चेक पुढच्या कामासाठी दिले होते, ते काम झालेलं नाही, चेक परत करा, बँकेत भरू नका. मग स्टॉप पेमेंट द्या आणि त्या तारखांना खात्यात दोन लाख शिल्लक ठेवा, कुठूनही जमवून ठेवा. तरी त्याने चेक टाकला आणि त्याच्या वकिलाची नोटीस आली तर हातात फक्त १५ दिवस असतात, त्या नोटिशीला उत्तर गेलंच पाहिजे.

हार्डवेअरवाला. साधा नियम असा की माल कॉन्ट्रॅक्टरने मागवला, बिल त्याच्या नावावर, उधारी त्याच्या खात्यावर, तर दुकानदाराने त्यालाच धरायचं. सिमेंट तुमच्या भिंतीत गेलं एवढ्यावरून तुम्ही देणेकरी होत नाही, तुम्ही तर त्या सिमेंटचे पैसे फुटाच्या रेटमध्ये कॉन्ट्रॅक्टरला आधीच दिलेत. अडचण तुमच्या त्या फोनची आहे. आपल्याकडे दुसऱ्याच्या उधारीची हमी तोंडी दिली तरी कायद्याने चालते, करार कायद्याच्या कलम १२६ मध्ये तसं सरळ लिहिलंय, त्यामुळे "कागदावर कुठं सही केलीय" असं म्हणून हात झटकता येत नाहीत. पण हमी कशाची दिली हे तुमच्या शब्दांवर ठरेल. तुम्ही त्या एका अडलेल्या गाडीबद्दल बोललात, त्या आधीच्या सगळ्या उधारीबद्दल नाही, आणि त्यानंतरही तो कॉन्ट्रॅक्टरलाच बिलं देत राहिला असेल तर तेही तुमच्या बाजूने जातं. त्याच्याकडून तारीखवार चलन मागा. त्या फोननंतर जो माल तुमच्या साईटवर उतरला तेवढ्याचा आकडा काढा, माझं मत विचाराल तर तेवढ्यावर त्याच्याशी लेखी तडजोड करावी आणि ती रक्कम कॉन्ट्रॅक्टरच्या नावे हिशोबात टाकावी, कारण हमीदाराने भरलेले पैसे मूळ देणेकऱ्याकडून वसूल होतात. सगळे १ लाख ९० हजार मात्र अजिबात देऊ नका, आणि फोनवर "बघते, देते" असं पुन्हा म्हणू नका.

सेंट्रिंगवाल्याशी तुमचा करारच नाही, त्याला कॉन्ट्रॅक्टरने आणला, त्याचे ४५ हजार कॉन्ट्रॅक्टरने द्यायचे. त्याच्या काही प्लेटा किंवा पाईप अजून साईटवर असतील तर अडवून ठेवू नका, त्या त्याच्या मालकीच्या आहेत, यादी करून सही घेऊन देऊन टाका. आणि जाता जाता त्याच्याशी जरा नीट बोला. प्लेटा सहाव्या दिवशी काढायला कोणी सांगितलं हे तो लिहून द्यायला तयार झाला तर तुमच्या केसमध्ये त्या कागदाला खूप किंमत आहे. त्याचेही पैसे त्याच माणसाकडे अडकलेत, तो बोलेल असं मला वाटतं. पण लिहून दिल्याबद्दल पैसे देऊ नका, पुरावा नासतो.

त्या बिगाऱ्याचं वाचून वाईट वाटलं, आणि तुम्ही त्याच्या बायकोला दारातून हाकललं नाहीत याबद्दल तुमचं मनापासून कौतुक वाटतं. कायद्याने त्याची भरपाई ज्याने त्याला कामावर ठेवलं त्याने, म्हणजे कॉन्ट्रॅक्टरने द्यायची. काम देणाऱ्या मुख्य मालकावरही जबाबदारी येते, पण ती जो आपल्या धंद्यासाठी काम ठेक्याने देतो त्याच्यावर, १९२३ च्या भरपाई कायद्यात तसं होतं आणि नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती भाषा तशीच आलीय. स्वतः राहायला घर बांधणारी बाई त्यात साधारणपणे बसत नाही. तुम्ही स्वतः रोजाने माणसं लावली असती तर गोष्ट वेगळी होती. पण जबाबदारी माझी नाही म्हणून त्या कुटुंबाला वाऱ्यावर सोडू नका. त्याला जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात जायला सांगा, तो त्या दिवशी तुमच्या साईटवर त्या कॉन्ट्रॅक्टरच्या कामावर होता एवढं खरं तुम्ही लिहून द्या, त्याला साक्षीदार मिळणं हीच सगळ्यात मोठी अडचण असते. बांधकाम कामगार मंडळाचं कार्ड काढलेलं होतं का तेही विचारा, असेल तर मंडळाच्या योजनांमधून मदत मागता येते. औषधपाण्याला तुम्ही काही दिलंत तर माणुसकी म्हणून द्या आणि चिठ्ठीवर तसंच लिहा.

प्लॅन काढणाऱ्या इंजिनिअरला एकच प्रश्न लेखी विचारा, स्लॅब टाकायच्या आधी सळई तपासली होती का आणि कोणी? देखरेख त्याच्या फीमध्ये धरली असेल तर तोही जबाबदार आहे, नुसता प्लॅन आणि आरसीसी डिझाईन दिलं असेल तर डिझाईन चुकलं असेल तेवढ्यापुरताच.

पोलिसांकडे जायचं म्हणाल तर आत्ता नको. पैसे घेतले तेव्हापासूनच फसवायचा इरादा होता असं दाखवता आलं तरच ती फसवणूक, तुमच्याकडे त्याने स्लॅबपर्यंत काम केलंय, स्टेशनवर दिवाणी मामला म्हणून परत पाठवतील. धमकी दिली तर मात्र लगेच जा.

तुमची खरी जागा ग्राहक आयोग. घर बांधून देणं ही सेवा आहे हे सुप्रीम कोर्टाने १९९३ मध्ये लखनौ विकास प्राधिकरणाच्या केसमध्ये सांगितलं आणि २०१९ च्या कायद्यातही ते आहे. तुम्ही दिलेले पैसे ५० लाखांच्या आत आहेत, म्हणजे साताऱ्याचा जिल्हा आयोग, आणि १० ते २० लाखांच्या मोबदल्याला फी फक्त ४०० रुपये. तक्रार ऑनलाईन ई-जागृती पोर्टलवर करता येते. मुदत दोन वर्षांची, ती तडजोडीच्या गप्पांत घालवू नका. करारात लवादाचं कलम असलं तरी आयोगाचं दार बंद होत नाही. फक्त पुढे गाळे काढून भाड्याने द्यायचा विचार प्लॅनमध्ये असेल तर तो वकिलाला आधी सांगा, कारण धंद्यासाठी बांधकाम असं समोरच्याने दाखवलं तर तुम्ही ग्राहक नाही असा मुद्दा येतो.

नव्या कॉन्ट्रॅक्टरचा करार करताना हप्ते काम झाल्यावर ठेवा, आधी नाही, आणि प्रत्येक बिलातून पाच टक्के एका पावसाळ्यापुरते मागे ठेवा. दुकानाची बिलं चुकती झाल्याच्या पावत्या दाखवल्यावरच पुढचा हप्ता, एक्स्ट्रा काम रेटसकट मेसेजवर ठरल्याशिवाय करायचं नाही, प्लेटा इंजिनिअरने लेखी हो म्हटल्यावरच काढायच्या, आणि मजुरांचा विमा काम सुरू व्हायच्या आधी त्याने काढून त्याची कॉपी तुमच्या हातात द्यायची.